पलीकडून वाचणारा

"तुम्हीच दाबा बघू एकदा," असं म्हणून त्या बाईंनी आपला फोन सर्व्हरताईच्या हातात दिला.

सकाळची वेळ. सर्व्हरताई कामावर येत होती आणि रुग्णालयाच्या फाटकाशीच या बाईंनी तिला गाठलं होतं. बाई साठीच्या पुढच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात घरातल्याच चपला. त्यांचे यजमान आत दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डात होते. गुडघ्यांमुळे बाईंना रोज येणं झेपत नव्हतं, म्हणून मुलानं त्यांना हा फोन घेऊन दिला होता. रुग्णालयाकडून मेसेज येतो, त्यातली लिंक दाबली की खाटेशेजारचा टॅब वाजतो आणि आपलं माणूस समोर दिसतं, असं त्यांना सांगितलेलं होतं. मेसेज नेमानं येत होते. माणूस काही दिसत नव्हतं.

सर्व्हरताईनं नेहमीचं उत्तर दिलं. आमच्याकडे चालतंय, तुमच्या फोनचं नेट बघून घ्या. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. स्वागतकक्षातल्या मुलींनाही तिनंच ते शिकवलं होतं.

"नेट आहे हो. नातवाचा नाच दिसतो, भाचीचं नवं घर दिसलं, सगळं जग दिसतं. आमचे हे तेवढे दिसत नाहीत."

बाईंच्या समाधानासाठी तिनं लिंक दाबली. पांढरं पान आलं, त्यावर करड्या अक्षरांत, ही साइट उघडता येत नाही. फोन परत द्यायला तिनं हात पुढे केला आणि तेवढ्यात तिची नजर पानाच्या वरच्या पट्टीवर गेली. तिथे रुग्णालयाचं नाव असायला हवं होतं, सगळ्या कागदांवर छापलेलं असतं ते. त्या जागी होतं 'भेट-दोन' आणि पुढे एक आकडा.

ते नाव तिनंच ठेवलेलं होतं. तळघरातल्या कपाटात जो सर्व्हर होता, त्याचं ते आतलं नाव. इमारतीच्या भिंतींच्या आत त्याला सगळे ओळखत, फाटकाबाहेर कोणी नाही. पाहुण्यानं पत्ता विचारावा आणि त्याला सांगावं, स्वयंपाकघरातून बाहेर आलात की उजवीकडची खोली, तसं झालं होतं. पत्ता खोटा नव्हता. जो आधीच घरात आहे त्याच्या उपयोगाचा होता, इतकंच.

तिनं बाईंना दंडाला धरून आत नेलं, भेटीची वेळ नसताना वॉर्डापर्यंत पोचवलं आणि सिस्टरना सांगितलं की यांना बसू द्या, चूक आमची आहे. सिस्टरनी भुवया उंचावल्या. सर्व्हरताईच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिथून बाहेर पडताना ती खिडकीजवळच्या खाटेपाशी क्षणभर थांबली. त्या खाटेवर तिचे वडील झोपले होते. मग ती जिना उतरून तळघरात गेली.

सर्व्हर सांभाळते म्हणून ती सगळ्यांची सर्व्हरताई; तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. रुग्णालयात ती आली टेलिफोन ऑपरेटर म्हणून. मग संगणक आले, कोणीतरी ते सांभाळायला हवं होतं, आणि हातातलं काम संपलं की दुसऱ्याच्या कामात डोकावायची तिला खोड होती. शिकत गेली. लग्न केलं नाही. म्हणजे ठरवून केलं नाही असं नव्हे, राहून गेलं. आई लवकर गेल्यावर घरात वडील, ती आणि धाकटा भाऊ, एवढेच.

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढून, तोंडात एक ब्रश आणि हातात दुसरा. शाळा नसेल तेव्हा दोन्ही मुलं बरोबर. तिचं काम शिडी धरायचं. धाकट्याचं काम रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभं राहायचं आणि पाटी वाचून दाखवायची. पाटी पुरी झाल्यावरच नाही, तर मध्येमध्येही. वडील शिडीवरून ओरडायचे, "पलीकडे कोण उभंय?" आणि तो बारक्या आवाजात पलीकडून ओरडायचा, "मी आहे. डावीकडे कलंडलंय, बाबा." वडील पुसायचे, पुन्हा ओढायचे. "आता बरोबर," असं पलीकडून आल्याशिवाय ते शिडीवरून उतरत नसत. शिडीवरच्या माणसाला आपलं अक्षर सरळच दिसतं, असं ते म्हणायचे. धाकट्याला याचा फार तोरा होता. ताईनं नुसतं लाकूड धरायचं, आणि मी बाबांना सांगायचं.

मोठा झाल्यावर तो यंत्रदुरुस्ती शिकला आणि दूर परक्या मुलखात कामाला गेला. वडिलांची एक बाजू लुळी पडली तेव्हा तो धावत आला. त्यांना घरीच ठेवायचं, मी नोकरी सोडतो, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली की तू सोडशील आणि वर्षभरात कंटाळशील, त्यांना माझ्या रुग्णालयात ठेवू, मी दिवसभर तिथेच असते. हे ती ज्या सुरात म्हणाली तो सूर तिचा तिलाच नंतर आठवत राहिला. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या त्या कपाटांच्या शेजारी." आणि परत गेला. फोन करायचा तर तो वॉर्डात करायचा, तिला नाही. वडिलांना फोनवरचं नीट ऐकू येईनासं झालं तसे तेही फोन थांबले.

भेटीचे टॅब आले ते त्यानंतर. ही कल्पना तिचीच. सगळ्या रुग्णांच्या नातेवाइकांची नावं यंत्रात भरताना तिनं धाकट्याचंही भरलं. स्वतःहून त्याला दोन ओळी लिहाव्यात असं तिच्या मनात आलं होतं. पण मग तिनं यंत्रालाच पाठवू दिलं. 'आपल्या रुग्णाला भेटण्यासाठी खालील लिंक दाबा.' सगळ्यांना जातं तेच त्याला गेलं. समजून घेईल, तिला वाटलं. आला तर आला.

तो आला नाही. ती रोज लॉग उघडून फक्त त्याचंच नाव शोधायची. कोणी कधी लिंक दाबली याची यंत्र आपोआप नोंद ठेवतं, त्यात त्याचं नाव कुठे नव्हतं. दाबून सोडून दिली असती, तरी खूण उरली असती. खूणही नव्हती. साधी लिंकसुद्धा दाबावीशी वाटली नाही याला, असं तिनं मनाशी धरलं.

वडील तेव्हा बोलत होते. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळायचे. टॅब वाजला तर तो कसा दिसेल हे तिनं त्यांना दाखवून ठेवलं होतं. ते त्या काळ्या काचेकडे बघत पडून राहायचे आणि संध्याकाळी ती वर आली की विचारायचे, "पलीकडे कोण उभंय?"

"कोणी नाही बाबा."

काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती थकलेली होती. म्हणाली, "त्याला वेळ नाही, बाबा."

मग ते विचारेनासे झाले. पुढे दुसरा झटका आला, त्यात बोलणंच गेलं. त्या दिवशीही वॉर्डातून धाकट्याला ठरलेला मेसेज गेला, रुग्णाच्या प्रकृतीत बदल आहे, भेटीसाठी लिंक दाबा. तिनं पुन्हा लॉग बघितला. पुन्हा काही नाही. आता त्याला फोन करायचाच नाही, असं तिनं ठरवलं, आणि ते पाळलं.

आणि आता तळघरात खुर्चीवर बसून ती सेटिंगचं पान उघडत होती. 'बेस यूआरएल', म्हणजे मूळ पत्ता. यंत्र जेव्हा बाहेर पाठवायच्या लिंका तयार करतं, तेव्हा सुरुवातीला काय लावायचं ते इथून उचलतं. चौकटीत तिनंच टाइप केलेलं होतं, भेट-दोन.

केव्हा, तेही तिला आठवलं. टॅब सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सुरक्षेसाठी सर्व्हरच्या पुढे एक प्रॉक्सी बसवायचं ठरलं होतं. प्रॉक्सी म्हणजे दारावरचा माणूस समजा. बाहेरून येणारा आधी त्याच्याशी बोलतो, तो निरोप आत नेतो, उत्तर बाहेर आणून देतो. आत कोण आहे हे बाहेरच्याला कळत नाही. प्रॉक्सी तयार व्हायला उशीर होत होता आणि टॅब तर तपासायचे होते, म्हणून तिनं तेवढ्यापुरतं आतलं नाव घातलं. प्रॉक्सी बसली. बसवणाऱ्या माणसानं बाहेरून पहिलं पान उघडून दाखवलं, सगळ्यांनी मान डोलावली. मेसेजमधली लिंक तिनं स्वतः तपासली होती. स्वतःच्या फोनवर, याच खुर्चीत बसून, रुग्णालयाच्या वायफायवर. लिंक लगेच उघडली होती. उघडणारच. ती घरातच बसली होती.

आणि लॉग रिकामा का, तेही आता सरळ होतं. बाहेरून दाबणाऱ्याची हाक या इमारतीपर्यंत पोचतच नव्हती. जी हाक आलीच नाही तिची नोंद यंत्र कुठून ठेवणार?

तिनं भेट-दोन पुसलं आणि बाहेरचं नाव लिहिलं. स्वतःच्या फोनचं वायफाय बंद केलं, नवी लिंक पाठवली, दाबली. पान उघडेना. आता ते नुसतं गोल फिरत राहिलं, फिरून फिरून पुन्हा तिथेच.

तिनं प्रॉक्सीवाल्याला फोन लावला. तो माणूस बोलका, चूक कधीच त्याची नसायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाहेरचा माणूस कुलूपबंद वाटेनं येतो, दारापर्यंत. पुढे आतला निरोप साधाच जातो. तुमच्या सर्व्हरला वाटतं हा उघड्या वाटेनं आलाय, आणि तुमचा नवा पत्ता कुलूपबंद वाटेचा आहे, म्हणून तो त्याला परत पाठवतो, नीट वाटेनं ये म्हणतो. तो पुन्हा येतो, सर्व्हर पुन्हा परत पाठवतो.

"मग तुमच्या प्रॉक्सीनं सांगायला नको का, हा नीट वाटेनंच आलाय म्हणून?"

"सांगतेय की, ताई. पहिल्या दिवसापासून सांगतेय. तुमचा सर्व्हर ऐकून घेत नाही, त्याला कोण काय करणार?"

तिनं सेटिंगचं पान खाली सरकवलं. सेटिंगच्या खालच्या भागात एक रिकामी चौकट होती, पुढच्या यंत्रानं, म्हणजे प्रॉक्सीनं, सांगितलेलं खरं मानायचं की नाही याची. तिथे तिनं खूण केली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फोन ठेवण्याआधी प्रॉक्सीवाल्यानं विचारलं की एवढे दिवस कोणाच्या लक्षात कसं नाही आलं. त्याला बहुतेक आपल्यावर काही यायला नको एवढंच हवं होतं. ती म्हणाली, "लोक सांगत होते. मी त्यांना त्यांचं नेट बघायला लावत होते."

तळघरातून पुन्हा तपासता आलं असतं. पण ती फोन घेऊन वर आली, फाटकाबाहेर पडली आणि रस्ता ओलांडून समोरच्या चष्म्यांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. तिथून रुग्णालयाची इमारत तिनं कधी नीट बघितली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरची वडिलांच्या खाटेजवळची खिडकी कुठली, हे मोजून काढावं लागलं.

तिनं लिंक दाबली. क्षणभर काही नाही. मग चित्र हललं आणि वॉर्डातल्या मामांचा चेहरा अख्खा पडदाभर आला. मामा वॉर्डातले जुने कामगार, सगळ्यांचेच मामा.

"कोण बोलतंय? ताई? अहो, तुम्ही खाली बसता ना? मग तिकडून कशाला वाजवताय, वर या की."

"बघत होते मामा, वाजतोय का ते."

"वाजला बाई एकदाचा. मी तर उद्यापासून दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून घेणार होतो. बाबा झोपलेत, उठवू?"

नको, असं ती म्हणाली. चित्र बंद झालं. दुकानदार काचेआडून बघत होता, ही बाई गिऱ्हाईक आहे की नाही याचा अंदाज घेत. ती तिथेच उभी राहिली आणि तिनं धाकट्याचा नंबर लावला. फोन बराच वेळ वाजला.

"बोल," तो म्हणाला. मागे यंत्रांची घरघर होती.

"तुला लिंक आली होती?"

"कुठली? पहिली की दुसरी?"

"दोन्ही."

"आल्या होत्या."

"दाबल्यास?"

 घरघर कमी झाली, बहुतेक तो बाहेरच्या बाजूला गेला असावा. "हे विचारायला फोन केलास?" मग म्हणाला, "दाबली. आली त्याच दिवशी दाबली, जेवणाच्या सुट्टीत. मग रोजच दाबायचो. इकडच्या एका पोराचा फोन घेऊन त्याच्यावरूनही दाबून बघितली. नंतर सोडलं."

"मला एक फोन करायचास."

"काय म्हणून करायचा? मला वाटलं ताईनं लिंक पाठवली, म्हणजे आपलं काम झालं, आणि आतून कडी घातली. सगळं तुझ्याच हातात असतं ना तिथलं. दुसरी आली तेव्हा मात्र राहवेना, म्हणून तुमच्या त्या काउंटरला फोन केला. पोरगी म्हणाली, आमच्याकडे चालतंय. तुमचं नेट बघा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"कडी नव्हती घातली," ती म्हणाली. "पत्ताच चुकीचा जात होता. माझी चूक. आतून बघितलं मी, बाहेर येऊन नाही बघितलं."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"बाबा विचारत होते?"

इथे काहीही सांगता आलं असतं. वडील आता कोणाला काही सांगणार नव्हते.

"विचारायचे. पलीकडे कोण उभंय, म्हणून. मी सांगितलं, त्याला वेळ नाही."

तिनं वर त्या खिडकीकडे बघितलं.

"आता बोलतात काही?"

"नाही."

"ऐकतात?"

"सिस्टर म्हणतात, ऐकतात."

"कामावरून सुटलो की दाबतो," तो म्हणाला. कंत्राट संपेपर्यंत रजा मिळणार नव्हती, तिनं विचारण्याआधीच त्यानं सांगून टाकलं.

दिवसभर ती तळघरात बसून सगळ्या नातेवाइकांना नव्या लिंका पाठवत राहिली. या वेळी यंत्राचा ठरलेला मजकूर तिनं काढून टाकला आणि स्वतः लिहिलं, की आजवरची लिंक आमच्या चुकीमुळे उघडत नव्हती, तुमच्या फोनमध्ये काही दोष नव्हता, क्षमा करा. काहींची उत्तरं आली. एकानं लिहिलं की आमचे काका गेल्या महिन्यात गेले, तरी कळवल्याबद्दल आभार. ते उत्तर ती वाचत बसली. मग लॉग उघडला. त्यात एकामागून एक नावं येऊ लागली होती.

संध्याकाळी ती वर गेली तेव्हा मामांनी वडिलांना उशांना टेकवून बसवलं होतं, चेहरा पुसला होता, केस विंचरले होते. एरवीही ते विंचरत, पण आज भांग पाडला होता. सकाळच्या बाई अजून पलीकडच्या खाटेशी बसल्या होत्या. यजमान झोपले होते आणि त्या त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होत्या.

सर्व्हरताई वडिलांच्या कानाशी वाकली. सकाळपासून तिनं हे वाक्य जुळवलं होतं, ते वेगळंच निघालं.

"बाबा, तो उभा होता. पलीकडेच होता. मलाच दिसला नाही."

वडिलांचे डोळे तिच्याकडे वळले आणि पुन्हा खिडकीकडे गेले. त्यांना काय कळलं, हे तिला सांगता आलं नसतं.

टॅब वाजला.

धाकटा दिसला. कामाच्या कपड्यांतच होता, कानाच्या मागे काळा डाग. केस बरेच गेले होते. तो बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. वडील बारीक झाले होते, एक गाल उतरला होता, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिनं सांगायला हवं होतं. आता तिनं टॅबचा कोन नीट करायला घेतला.

"डावीकडे कलंडलंय, बाबा," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. मग तिनं टॅब उजवीकडे किंचित उचलला.

"अजून थोडं. हां. आता बरोबर."

वडिलांची मान वळली. खिडकीकडून काचेकडे, हळूहळू. ते बराच वेळ बघत राहिले. मग चांगला होता तो हात पांघरुणातून निघाला, पुढे आला आणि त्यांनी बोटं मुलाच्या चेहऱ्यावर ठेवली, हनुवटीपाशी. बोलणं बंद करायचं लाल बटण तिथेच होतं. पडदा काळा झाला.

वडील काळ्या काचेवर बोटं तशीच ठेवून बसले.

टॅब पुन्हा वाजला. धाकटा पुन्हा दिसला, काही बोलणार तोच वडिलांनी पुन्हा हात नेला आणि पुन्हा सगळं गेलं. मामा पुढे झाले. मी हात धरून ठेवतो त्यांचा, असं म्हणाले. तिनं मानेनंच नको म्हटलं.

तिकडे धाकटा पुन्हा लिंक दाबत असणार. ती टॅब दोन्ही हातांनी सरळ धरून उभी राहिली, लहानपणी शिडी धरायची तशी, आणि तो वाजायची वाट बघू लागली. वाजला.